इतिहास शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र : रँडच्या आधी उंदीर शिकवा

सगळ्या इतिहासाच्या सर आणि मॅडमना नमस्कार,

मी शिक्षक नाही, इतिहासाची डिग्री पण नाही माझ्याकडे. आमचं तीन पिढ्यांचं भुसार मालाचं दुकान आहे, ज्वारी बाजरी गहू हरभरा, आणि मागे गोडाऊन. पोत्यांच्या थप्पीवर खेळतच मोठा झालो, त्यामुळे पुस्तकं नंतर वाचली पण उंदीर आधीपासून ओळखतो. आणि आज जे लिहितोय ते उंदरामुळेच लिहितोय.

झालं असं की मुलगी आठवीत आहे, परवा तिची तयारी घेत होतो. रँडचा वध कोणी केला? चापेकर बंधूंनी. कधी? २२ जून १८९७. कुठे? पुण्यात गणेशखिंड रोडवर. सगळं फाडफाड सांगितलं, मला बरं वाटलं. मग सहज विचारलं की ज्या प्लेगवरून हे सगळं झालं तो प्लेग पसरला कशाने? ती म्हणाली, "घाणीमुळे, बाबा." वहीत पण तेवढंच होतं, एक ओळ, अस्वच्छतेमुळे प्लेगची साथ पसरली.

मी तिला काही बोललो नाही, पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. कारण १८९६ साली मुंबईतल्या सरकारी अधिकाऱ्याला हाच प्रश्न विचारला असता तर त्यानेही हेच उत्तर दिलं असतं. त्या उत्तरापायी गटारात ॲसिड ओतलं गेलं, घरांची कौलं उतरवली, लोकांची अंथरुणं रस्त्यात जाळली, बायकांना स्टेशनवर उभं करून तपासलं, आणि तरीही प्लेग थांबला नाही. सव्वाशे वर्षांनी आमची मुलं त्याच अधिकाऱ्याचं उत्तर पाठ करतायत. चापेकरांबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून सांगतो, त्यांचा धडा अर्धा राहतोय, कारण ज्या जुलमाविरुद्ध ते उठले तो जुलूम आजाराच्या दृष्टीने सुद्धा वाया गेलेला होता, ही गोष्ट मुलांपर्यंत पोचतच नाही.

आता जरा मांडवीला चला. मांडवी म्हणजे मुंबई बंदराला लागून, आजच्या मस्जिद बंदर स्टेशनच्या आसपासचा भाग. तिथे तेव्हा धान्याची गोदामं, खाली पोती आणि वर माणसं, एकेका खोलीत आठ-आठ दहा-दहा जण. १८९४ मध्ये चीनमध्ये कँटनला आणि मग हाँगकाँगला प्लेग आला होता, हाँगकाँगला त्याच वर्षी येरसिन नावाच्या डॉक्टरने जंतू पण शोधला होता, आणि तिथून मुंबईला जहाजं सतत येत-जात होती. १८९६ च्या पावसाळ्यात मांडवीच्या गोदामांत उंदीर मरायला लागले, माणसांच्या आधी. सप्टेंबरमध्ये डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी नवरोजी हिलच्या वस्तीत एक पेशंट बघितला आणि हा प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं. व्हिएगस मूळचे गोव्याचे. आजही मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, हजारो लोक रोज त्याच्या बाजूने जातात.

मांडवीच का, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्या गोडाऊनमध्ये या, थप्पी हलवली की भिंतीच्या कडेला लेंड्या दिसतात, खालच्या पोत्याला कोपऱ्यात भोक, त्यातून दाणे सांडलेले आणि सुतळीचा चुरा. थप्पीच्या आत थंड असतं, अंधार असतो, खायला आयतं असतं, उंदराला याच्यापेक्षा चांगलं घर कुठलं? आणि जिथे उंदीर तिथे पिसू. काळा घरउंदीर तर माणसाच्या घरातच राहतो, कौलाखाली, माळ्यावर, पोत्यांमागे. प्लेग हा मुळात उंदराचा आजार, माणसाला तो चुकून होतो. उंदीर मेला आणि अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं गरम अंग शोधतात, आधी दुसरा उंदीर, आणि उंदीरच शिल्लक राहिले नाहीत की मग माणूस, म्हणजे वर झोपलेली ती आठ-दहा माणसं. त्यात एक फार बारीक गोष्ट आहे जी १९१४ साली बेकट आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी दाखवली, की प्लेगचे जंतू त्या पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी वाढून गोळा होतात आणि वाटच बंद करतात, मग ती कितीही रक्त प्यायली तरी पोटात जात नाही, भुकेने ती परत परत चावते आणि प्रत्येक चाव्याला अडकलेलं रक्त जंतूंसकट परत जखमेत सोडते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गोडाऊनमध्ये जाऊन उभा राहिलो होतो थोडा वेळ. एक पिसू, जी धड डोळ्याला दिसत नाही, तिच्या भुकेमुळे शहरं रिकामी झाली.

पण १८९६ मध्ये हे कोणाला माहीत नव्हतं, ते मी समजू शकतो. जंतू सापडला होता पण तो राहतो कुठे आणि येतो कुठून हे कळलं नव्हतं, म्हणून जुनी समजूतच चालू राहिली की रोग घाणीत असतो, कुजक्या हवेत असतो, गटारात असतो. मग काय, मुंबईच्या गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड, म्हणजे जंतुनाशक, सोडलं रोज. आता मला सांगा, गटारात औषध ओतलं तर गटारातला उंदीर कुठे जाईल? तो घरात घुसेल. घरं धुतली, चुना मारला, सूर्यप्रकाश आत यावा म्हणून कौलं काढली, राहायला लायक नाही असं ठरलेल्या घरांच्या दारावर इंग्रजी अक्षरं रंगवली. आणि पेशंटला ओढून हॉस्पिटलमध्ये न्यायचं, घरच्यांना कॅम्पमध्ये टाकायचं. खरं तर गाठीच्या प्लेगमध्ये पेशंट जवळच्या माणसाला सहसा देत नाही, तो फुप्फुसात उतरला तरच खोकल्यातून पसरतो. स्वच्छ हॉस्पिटलांत नर्सेस आणि नातेवाईक पेशंटच्या उशाशी बसून सुद्धा फारसे आजारी पडत नव्हते, म्हणजे पुरावा रोज डोळ्यांसमोर होता. पण सगळी नजर माणसावर. काखेत बघ, जांघेत बघ, गाठ आहे का चाचप. शेजारच्या पोत्याकडे कोणी बघितलं नाही.

आणि लोक पळाले, पळणारच. ऑक्टोबरमध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता, तिथे माणसं मारायलाच नेतात असा समज पसरलेला. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती, त्यातली जवळजवळ निम्मी १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहर सोडून गेली, कोणी रेल्वेने घाटावर, कोणी बोटीने कोकणात, कोणी कराची-गुजरातकडे. सोबत वळकटी, कपड्यांची गाठोडी, थोडं धान्य. गाठोड्यात पिसवा. त्याच वर्षी दुष्काळ पण होता, १८९६-९७ चा, म्हणजे धान्य एका जागेवरून दुसऱ्या जागी वॅगन भरभरून चाललेलं, आणि ज्यांच्याकडे ते पोचत होतं ते आधीच उपाशी. पूर्वी बैलगाडीच्या तांड्याने जायला आठवडे लागायचे, वाटेतच उंदीर मेला तर प्रकरण तिथेच संपायचं. रेल्वेने तेच अंतर एका रात्रीचं झालं. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबई ७ लाख ७६ हजारांवर आली, दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी कमी झाली. पुढच्या दोन-अडीच दशकांत देशभरात प्लेगने एक कोटीच्या वर माणसं नेली, आणि सगळ्यात जास्त पंजाबात, हे तर आपल्याकडे कितीतरी जणांना माहीतच नाही.

पुण्याचं तुम्हाला मी काय सांगणार. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, आपण २०२० मध्ये कोरोनाला वापरला तोच, रँड साहेब प्लेग कमिटीवर आला, गोऱ्या सोल्जरांनी घराघरांत झडत्या घेतल्या, देवघरात बूट घालून शिरले, सामान बाहेर फेकलं, लोकांना रस्त्यावर उघडं करून तपासलं. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलमधल्या बायकांच्या हालाबद्दल वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहिलं होतं त्या उन्हाळ्यात, ते पण शिकवा जमलं तर. मे महिन्यापर्यंत साथ उतरली आणि कमिटीला वाटलं आपल्या बंदोबस्ताने उतरली. मुंबईत पण असंच दिसायचं, थंडीच्या अखेरीला प्लेग चढायचा, पावसाळ्यात ओसरायचा, दरवर्षी. पिसवांची संख्या हवामानाबरोबर वरखाली होते, झडतीबरोबर नाही. पुण्यात त्याच वर्षी, १८९७ मध्येच, तो परत आला.

सावित्रीबाई त्याच मार्चमध्ये गेल्या, १० तारखेला. त्यांचे दत्तक चिरंजीव यशवंतराव डॉक्टर होते, पुण्याबाहेर मोकळ्या रानात त्यांनी पेशंटसाठी दवाखाना मांडला होता, आणि मुंढव्याच्या एका पोराला स्वतः पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या, मग त्यांनाही प्लेगने गाठलं. हे मुलांना माहीत असतं, जयंतीच्या भाषणात सांगतात. पण ज्या वेळी सरकार सोल्जर पाठवत होतं त्याच वेळी पासष्टी ओलांडलेली एक बाई पोराला पाठीवर घेऊन चालत होती, या दोन गोष्टी एका तासाला, शेजारी शेजारी, कोणी सांगताना मी ऐकलं नाही.

आता आजीची गोष्ट सांगतो. ती तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. आमच्या गावाबाहेर एक माळ आहे, तिथे आता फक्त बाभळी आणि एक पडका ओटा. प्लेगच्या सालात अख्खं गाव तिथे झोपड्या करून राहिलेलं. कोणी सांगितलं होतं गाव सोडायला? कोणी नाही. "उंदीर पडले", म्हणजे मरून पडले, एवढंच म्हणायचे. "खालच्या आळीला उंदीर पडले" असा निरोप आला की त्या दिवशी भाकरी थापायच्या आधी भांडी बांधायची. दारं उघडी टाकून जायचं, गुरं सोबत, आणि परत यायचं ते घरात उंदीर पडायचे बंद झाले की, मग सारवून, शेणकुटाचा धूर करून. आजारी माणसाला ते "गाठ आली" म्हणायचे, प्लेग शब्द नंतरचा. आजीच्या सासूची थोरली जाऊ घरात पेटीतलं लुगडं आणायला म्हणून एकटी परत गेली आणि चौथ्या दिवशी माळावरच गेली. ती एकच गेली आमच्या घरातली. बाकी सगळे जगले म्हणून मी आहे.

सर, मॅडम, ज्या बायामाणसांना कोणी शाळेत घातलं नव्हतं त्यांना उंदीर आणि माणूस यांचा संबंध कळलेला होता. पिसू कळली नव्हती, पण उंदीर मेला की तिथून लांब व्हायचं हे कळलेलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. सरकारने पुढे गाव खाली करणं हाच उपाय मान्य केला. पण सुरुवातीला लोक पळतात, लपवतात, अडाणी आहेत असंच म्हटलं गेलं, आणि आजही कुठल्या कुठल्या लिखाणात तेच वाक्य फिरतं. लोक लपवत होते हे खरं आहे, पेशंट माळ्यावर लपवायचे, मेलेल्याला रात्री गुपचूप न्यायचे. पण घर जाळणाऱ्याला आजार कोण सांगेल?

पिसवेचा शोध कसा लागला ते तर मुलांना गोष्टीसारखं सांगता येईल. पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर, आधी मुंबईत काम करून गेलेला, त्याने काही पेशंटच्या पायावर बारीक फोड बघितले आणि त्याला वाटलं हा पिसवेचा चावा असणार. २ जून १८९८ ला कराचीत त्याने एका काचेच्या मोठ्या भांड्यात प्लेग झालेला उंदीर ठेवला, पिसवा ठेवल्या, आणि वरून जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर सोडला, दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही असा. आजारी उंदीर मेला, आणि काही दिवसांनी जाळीतला पण मेला, त्याच्या अंगात प्लेगचे जंतू सापडले. मध्ये फक्त पिसवा होत्या. त्याचं कोणी ऐकलं नाही! कितीतरी वर्षं गेली, मग मुंबईत ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून प्लेग कमिशनच्या लोकांनी परळला मुद्दाम छोट्या छोट्या खोल्या बांधून तेच परत तपासलं, कुठे कौलात उंदीर राहू दिले, कुठे नाही, एक पिंजरा जमिनीलगत ठेवला, दुसरा पिसवेची उडी पोचणार नाही इतका उंच टांगला. जमिनीलगतचे प्राणी मेले, वरचे जगले. आठवीच्या पोराला याच्यापेक्षा चांगला प्रयोग कुठला दाखवणार? आणि हे आपल्या परळला झालंय, जिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे तिथे. हाफकिननी १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली, भायखळ्याच्या जेलमधल्या कैद्यांना नंतर. लस घ्यायला लोक घाबरले त्याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही, आदल्या महिन्यात दार फोडणारा आणि आज सुई घेऊन येणारा लोकांना एकच दिसत होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक आजाराची वाट वेगळी असते आणि ती वाट शिकवली पाहिजे. पटकी, म्हणजे कॉलरा, पाण्यातून जाते, म्हणून पंढरपूरच्या वारीत, जिथे लाखभर माणसं एकाच नदीचं पाणी प्यायची, तिथे ती वर्षानुवर्षं पेटायची. (पटकीसारख्या आजाराला आपण मोडशी म्हणायचो, तो शब्द पोर्तुगीजांनी गोव्यात सोळाव्या शतकातच उचलला आणि मोर्देशीं केला, आपला शब्द युरोपात गेला पण कुठल्या दुःखाने गेला बघा.) १९१८ चा इन्फ्लुएन्झा श्वासातून गेला, १० जूनला मुंबईचे सात पोलीस शिपाई, त्यातला एक गोदीवरचा, तापाने हॉस्पिटलमध्ये आले तिथून सुरुवात, त्याला ना उंदीर लागला ना पाणी, फक्त माणसांनी भरलेली ट्रेन, आणि वरून त्या वर्षी पाऊस दगा दिलेला. त्याने काही महिन्यांत देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं नेली, प्लेगने जेवढी वीस वर्षांत नेली तेवढी. या तिन्हींना "अस्वच्छतेमुळे साथ पसरली" हे एकच उत्तर लावलं तर मुलांच्या हाताला काय लागणार? आणि अस्वच्छता म्हटलं की बोट नेहमी गरिबाकडे जातं. मांडवीच्या चाळीतली माणसं अस्वच्छ होती म्हणून मेली नाहीत, त्यांना धान्याच्या डोक्यावर राहायला लागत होतं म्हणून मेली. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, रुंद रस्ते केले, सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, ते चांगलंच झालं, पण जुनी घरं पाडली त्या मानाने नवीन बांधली नाहीत, तिथली माणसं शेजारच्या आणखी गच्च चाळीत गेली.

हे सगळं फार जुनं वाटत असेल तर १९९४ आठवा. बीड जिल्ह्यातलं मामला गाव. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झालेला, भीतीने लोक घराबाहेर शेडमध्ये झोपायला लागले आणि धान्य राहिलं बंद घरांत, तिथे उंदीर वाढले, असं तेव्हाच्या अभ्यासकांनी कारण मांडलं. ऑगस्टमध्ये मामल्यात उंदीर पडले, पिसवा झाल्या, आणि लोकांना गाठी यायला लागल्या. मी तेव्हा लहान होतो, सुरतला प्लेग आल्याची बातमी आली आणि वडिलांनी गोडाऊनमधली एकूण एक थप्पी उचलून खालून झाडली, दोन दिवस दुकान बंद ठेवून. हमाल तोंडाला रुमाल बांधून पोती बाहेर काढत होते आणि आजी दारात उभी राहून सारखं एकच विचारत होती, "मेलेला निघाला का रे एखादा?"

तिला सोल्जर, कायदा, कमिटी काही माहीत नव्हतं. पण विचारायचा प्रश्न बरोबर माहीत होता.

म्हणून विनंती आहे. रँडचा धडा शिकवाल तेव्हा त्याच्या आधी एक तास उंदराला द्या. मुलांना घरी विचारून यायला सांगा की तुमच्या गावात प्लेगचा माळ कुठला, "उंदीर पडले" असं कोणी म्हणायचं का, पटकीला आणि देवीला काय म्हणायचे, मरीआईचं देऊळ वेशीबाहेर का आहे. ही सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीला आहेत, आणखी दहा वर्षांनी कोणाला विचारणार? तुमच्या नगरपालिकेत मृत्यूची जुनी रजिस्टरं असतील तर मुलांना एक पान नुसतं बघू द्या, कुठल्या आळीत कुठल्या महिन्यात किती, ते नकाशावर मांडू द्या. आणि परीक्षेत वध कोणी केला हे विचाराल तेव्हा खाली एक प्रश्न जोडा, प्लेग मांडवीहून पुण्याला कसा गेला ते सांगा. उत्तरात घाण एवढंच लिहिलं तर अर्धाच मार्क द्या.

आणि आमच्या तालुक्यातल्या कुठल्या पण शाळेला यायचं असेल तर वर्ग घेऊन या. गोडाऊन सोमवारी रिकामं असतं, हमाल सकाळी दहापर्यंत थांबतात. एक थप्पी हलवून दाखवतो, खालचं पोतं, त्याचं भोक, भिंतीकडेची वाट, सगळं. मुलांना बूट घालून यायला सांगा.

आपला,
भुसार लाइनीतला एक बाप